तिथीने जुळवलेली चौकट

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी ह्या किनाऱ्यावरच्या वलांड्यांचे, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडण्यांचे, फोटो पालघर-बोईसरकडे पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असतात. त्यातले बरेच सपाट वाटतात, कारण ते सकाळी काढलेले असतात. इथला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन आपल्या पाठीवरून सरळ समोर पडतं, मग बांबू, मासळी, वाळू सगळं एकाच पातळीवर उजळतं आणि कशालाच खोली उरत नाही.

हाच देखावा संध्याकाळी पाहावा. सूर्य वलांडीच्या मागे गेला की ऊन मासळीवर पडत नाही, तिच्यातून आरपार येतं. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. ओल्या बोंबलात पाणीच फार, त्यामुळे आजचा माल गुलाबीसर, काचेसारखा पेटतो आणि मधला काटा रेघेसारखा उमटतो. कालचा जरा गढूळ, तर परवाचा मधाच्या रंगाला आलेला. एकाच चौकटीत सुकवणीचे तीन दिवस शेजारी शेजारी दिसतात. ह्या किनाऱ्यावर रंगांची याहून सुंदर मांडणी मला माहीत नाही.

पण खरी करामत चंद्राची आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेचे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं असतं आणि ओली वाळू आभाळाचा सगळा रंग खाली उतरवून घेते. अमावास्येलाही तसंच. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, ती वाळू पाण्याखाली जाते. शिवाय डोलीची, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या जाळ्याची, मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, ओढ जोराची, म्हणून माल जास्त; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, कमी. ज्या दिवसांत वाळूचा आरसा होतो, त्याच दिवसांत वलांड्याही भरलेल्या असतात.

माणसाच्या हाती उरतं ते थोडं, पण नेमकं. डोळ्याच्या उंचीवरून पाहिलं तर क्षितिजाची रेघ बऱ्याचदा एखाद्या आडव्या बांबूवर येते आणि दोन्ही रेघा एकमेकींना खाऊन टाकतात. गुडघ्यावर बसलं की क्षितिज दोन बांबूंच्या मध्ये येतं. कॅमेऱ्याला मात्र सांगावं लागतं. तो उजळ आभाळ पाहून मासळी काळी करतो, म्हणून उजेडाचं माप बोंबलावर घ्यायचं आणि आभाळ थोडं फिकटलं तरी चालवून घ्यायचं. नुसत्या काळ्या आकृत्यांचे फोटो इथे भरपूर निघतात; त्यांत मासळीचं मासळीपण जातं.

महिन्याचाही फरक पडतो. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेपेक्षा सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो. समुद्राकडे तोंड केलं की ऊन डाव्या अंगाने तिरकं येतं आणि वाळूवर लांब सावल्या टाकतं. हवेत धूळ-धूर असला तर सूर्य पाण्याला टेकण्याआधीच तांबूस होऊन विरतो. तेव्हा उजेड मऊ असतो, पण आरपार येण्याची ताकद त्यात राहत नाही.

ढगाळ आभाळ फोटोवाल्यांना आवडतं, सावल्या सौम्य होतात म्हणून. वलांडीसमोर मला ते नको वाटतं. एक तर बोंबील विझून जातात. आणि अवकाळी सर आली की टांगलेला माल भिजतो, कुजतो. ती सर यायच्या आत तो उतरवायला घरातली सगळी माणसं, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, वलांडीकडे धावतात. अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून दोन टोपल्या आपणही उचलाव्यात.