वांकलेली पाठ आणि खचलेलें मन

आपल्या कथाकादंबऱ्यांत एक संकेत रूढ झाला आहे. मनुष्य दुःखी झाला कीं त्याची मान खालीं जाते, पाठ वांकते. मन उभारी धरूं लागलें कीं तो ताठ उभा राहतो. हा संकेत सर्वस्वीं खोटा नाहीं. पतंजलीनें योगसूत्रांत दुःख आणि दौर्मनस्य यांच्या जोडीस अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता सांगितली आहे. भरतानें नाट्यशास्त्रांत आंगिक अभिनयाचा जो विस्तार केला, तोही शरीरावरून भाव ओळखतां येतो याच भरंवशावर.

परंतु शरीर वळविल्यानें भाव पालटतोच, असें म्हणणें निराळें. विकारांचें मूळ शरीराच्या हालचालींत आहे, असा उलटा क्रम विल्यम जेम्स यानें १८८४ मध्यें मांडला. २०१० मध्यें अमेरिकेंत ४२ जणांवर प्रयोग होऊन, दोन मिनिटें ऐटदार पवित्र्यांत राहिल्यानें शरीरांतील अंतःस्राव बदलतात, असा निष्कर्ष निघाला. २०१५ मध्यें २०० जणांवर पडताळा घेतां अंतःस्रावांत फरक आढळला नाहीं. आपण समर्थ आहों असें वाटणें तेवढें वाढलें. अशा वाटण्यालाही मोल आहे, पण तें बेताचेंच.

आतां हा संकेत भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बांधीवर नेऊन पाहावा. पावसाळ्यांत येथील बायका चिखलांत उभ्या राहून, कमरेंतून वांकून, दिवसभर रोवणी करतात. त्याच वांकलेल्या रांगेंतून गाणें निघतें, थट्टा चालते. येथें पाठ वांकते ती कामाच्या रीतीमुळें. संध्याकाळीं ती दुखते, हें खरें. परंतु दुखणें आणि खचणें यांत अंतर आहे. जो लेखक केवळ कण्यावरून त्यांच्या मनाचा निकाल देतो, त्यानें तें गाणें ऐकलेलेंच नसतें.

ज्ञानेश्वरांची दृष्टि या बाबतींत अधिक विवेकी आहे. सहाव्या अध्यायांत आसनाकडे वळण्यापूर्वीं ते स्थानाचें वर्णन विस्तारानें करतात: पाहतांच मन रमावें असें एकांताचें, शुद्ध स्थळ. पुढें गीतेला अनुसरून आहार, निद्रा आणि कर्म यांचें प्रमाणही सांगतात. कायेचें ताठपण तेथें एकटें येत नाहीं. मग ज्यास विसांवा नाहीं, पुरेशी झोप नाहीं, त्यास ‘ताठ उभा राहा, बरें वाटेल’ असें सांगणें हें उपदेशाचें सोंगच होय.

साहित्यिकानें माणसाचा कणा जरूर पाहावा. मात्र तो कोणत्या ओझ्याखालीं वांकला आहे, हें आधीं विचारावें.