एकट्या आवाजाची जागा

चेलोसाठी कन्चेर्टो लिहायला बसलेल्या संगीतकारापुढचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो, ऐकू येण्याचा असतो. व्हायोलिन वाद्यवृंदाच्या वर सहज तरंगतं. पियानो त्याच्याशी दोन हात करू शकतो. चेलो मात्र बराच वेळ पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत बोलतो, आणि नेमक्या त्याच पट्टीत हॉर्न, ट्रॉम्बोन, बसून आणि वाद्यवृंदातले बाकीचे चेलो वाजत असतात. साठ-सत्तर वादकांनी एकदम सूर लावला की एकटा चेलो बुडतो, वादक कितीही थोर असो. म्हणून अशी रचना ऐकताना मी आधी एकच गोष्ट बघतो : एकट्या आवाजाला जागा कशी करून दिली आहे?

भिवंडीत राहणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. यंत्रमागांच्या कारखान्यात नवखा माणूस ओरडून बोलतो आणि त्याचं कोणाला काही कळत नाही. जुना कारागीर ओरडत नाही. तो कानाजवळ येतो, शब्द मोजके करतो, पट्टी बदलतो, उरलेलं हाताच्या खुणेने सांगतो. मागांचा खडखडाट तेवढाच राहतो. त्याला त्यातली फट ठाऊक असते.

संगीतकारांनीही अशा फटी शोधल्या. एल्गारने 1919च्या कन्चेर्टोत चेलो बोलत असताना वाद्यवृंद विरळ ठेवला. शोस्ताकोविचने 1959च्या पहिल्या कन्चेर्टोत पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न घेतला, बाकीची गाळूनच टाकली. पण या प्रश्नालाच रचनेचा विषय केला तो पोलंडच्या वितोल्द लुतोस्वाव्स्कीने. त्याचा चेलो कन्चेर्टो 1970च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला पहिल्यांदा वाजला. वादक होता म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच.

सुरुवातीला वाद्यवृंद गप्प. एकटा चेलो एकच स्वर, साधारण सेकंदाला एक या गतीने, पुन्हा पुन्हा वाजवतो. कसा वाजवायचा? तर बेफिकीरपणे, अशी सूचना स्वरलिपीत आहे. मधेच वादकाचं लक्ष कुठेतरी जातं, एखादी लकेर निघते, थोडी गंमत होते, आणि तो पुन्हा त्या स्वरावर येतो. चारेक मिनिटं हेच.

आपल्या कानाला हे ऐकताना लेहरा आठवतो. एकल तबल्यात सारंगी किंवा हार्मोनियम एकच आवर्तन धरून ठेवते, म्हणून तबलजी हवा तिथे भटकून समेवर परत येऊ शकतो. इथे लेहरा धरणारा आणि भटकणारा एकच आहे. त्याला सांभाळणारं कोणी नाही, त्याच्यावर नजर ठेवणारंही कोणी नाही. मग अचानक ट्रम्पेट मधे घुसतात आणि त्याला तोडतात. पुढे अशी तोडातोडी होतच राहते. रचनेच्या बऱ्याच भागांत वाद्यवृंदातले वादक आपापला भाग आपापल्या चालीने वाजवतात. कंडक्टर सुरुवातीची खूण देतो, पण सगळ्यांना बांधणारा ठेका नसतो. म्हणजे चेलोसमोर शिस्तबद्ध सैन्य नाही, गर्दी आहे.

रोस्त्रोपोविचने यात व्यक्ती विरुद्ध सत्ता असा संघर्ष पाहिला. साहजिक आहे. सोल्झेनित्सिन तेव्हा त्याच्या घरी आश्रयाला होते, आणि त्यांच्या बाजूने त्याने जाहीर पत्र लिहिलं तेही त्याच महिन्याच्या अखेरीस. लुतोस्वाव्स्कीला मात्र हा राजकीय अर्थ मान्य नव्हता. मला संगीतकाराची बाजू जास्त पटते, पण कारण वेगळं आहे. हे बंड असतं, तर पहिली चार मिनिटं फुकट गेली असती. कारण तेव्हा चेलो कोणाच्याही विरोधात नसतो. तो आपल्याच नादात असतो. अडवलं जातं ते विरोध करणाऱ्याला नाही, तर स्वतःशी काहीतरी पुटपुटत बसलेल्या माणसाला. हे जास्त भीतीदायक आहे, आणि घोषणेपेक्षा जास्त खरंही.

माझं भांडण शेवटाशी आहे. वाद्यवृंदाचा मोठा हल्ला होतो, चेलो कण्हतो, आणि मग उंच पट्टीत एक स्वर हट्टाने ठोकत राहतो. सुरुवातीच्या बेफिकीर स्वराचं हे उत्तर आहे हे कळतं. पण इतका वेळ जय-पराजयाची भाषा टाळणारी रचना इथे टाळ्या मागते असं वाटतं.

एसा-पेक्का सालोनेनचा कन्चेर्टो 2017 साली शिकागोत यो-यो मा यांनी वाजवला. त्यात शत्रूच नाही. चेलोचे तुकडे तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होऊन सभागृहात फिरत राहतात. गर्दी तयार होते ती त्याच्याच आवाजाची. ही युक्ती देखणी आहे, पण स्वतःच्याच प्रतिध्वनींमध्ये अडवणारं कोणी नसतं. त्यामुळे रचनेतला धोका कमी होतो.

आपल्याकडे याच्या जवळचं काम म्हणजे झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा ‘पेशकार’. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने तो 2015 साली मुंबईत पहिल्यांदा सादर केला. एकल तबल्याची सुरुवात जिथून होते, जिथे ताल घाई न करता उलगडतो, त्या प्रकाराचं नाव त्यांनी रचनेला दिलं. अशा कामांवर आपण ‘पूर्व-पश्चिम संगम’ एवढंच लिहून मोकळे होतो. विचारायला हवं ते हे, की तबला बोलत असताना वाद्यवृंद ऐकतो की नुसती साथ भरतो? संगम हे काही रचनेचं उत्तर नव्हे.

चेलो तर मुंबईला नवा नाहीच. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याच्या वादकांनी तो कित्येक वर्षं वाजवला. गायकाच्या मागे, व्हायोलिनच्या खाली, घोळक्यात. आपल्या कानांत तो आहे, पण सोबतीला आलेल्या पाहुण्यासारखा. इथल्या कोणी त्याच्यासाठी कन्चेर्टो लिहायला घेतला, तर राग कोणता निवडायचा हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवावं लागेल की तो बोलायला लागल्यावर बाकीच्यांनी काय करायचं.