वेलणकरचा हात कुणावर पडतो?

'अर्धसत्य' १९८३ सालचा. चाळीस वर्षं उलटली, तरी पोलिसावरचा सिनेमा म्हटलं की पांढरपेशा समीक्षक पहिलं नाव याचंच घेतो. घेऊ दे. सिनेमा दमदार आहे यात वाद नाही. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, आणि ओम पुरी. हा खडबडीत चेहऱ्याचा माणूस फौजदाराच्या वर्दीत उभा राहिला आणि हिंदी सिनेमातले सगळे गुळगुळीत इन्स्पेक्टर एका दिवसात खोटे ठरले. पण दोस्तहो, कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे हे विचारल्याशिवाय आपण टाळी वाजवायची नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अनंत वेलणकर सबइन्स्पेक्टर आहे. बाप खात्यातलाच, बायकोला बडवणारा. त्यानं पोराला जबरीनं वर्दीत कोंबलेलं. वेलणकर इमानदार आहे. रामा शेट्टी नावाच्या दादाला धरायला जातो, शेट्टी एक फोन फिरवतो, आणि वेलणकर हात हलवत परत. कामगिरी याची, श्रेय दुसऱ्याला. दारू वाढत जाते. मग एका रात्री रेडिओ चोरला म्हणून आणलेला एक किरकोळ चोर लॉकपमध्ये त्याच्या तावडीत सापडतो. वेलणकर त्याला जीव जाईपर्यंत मारतो. स्वतःला वाचवायला शेवटी त्याच शेट्टीच्या दारात जातो. शेट्टी किंमत सांगतो. वेलणकर शेट्टीला ठार करतो आणि स्वतःहून हजर होतो.

समीक्षक म्हणतात, व्यवस्थेनं एका माणसाचं पौरुष चिरडलं, त्याची ही शोकांतिका. मी म्हणतो, थांबा. या सिनेमात वेलणकरच्या हातून माणसं दोन मरतात. शेट्टी मरतो तेव्हा थिएटर सुटल्यासारखं होतं. आणि तो रेडिओवाला? त्याच्या घरी कोण होतं, कोण रडलं, प्रेत कुणी नेलं? तो मरतो वेलणकरचा पेच घट्ट व्हावा म्हणून. कथेला एक मढं पाहिजे होतं, ते आपल्या वस्तीतून उचललं. सिनेमात त्याची जात सांगितलेली नाही. पण रेडिओसाठी लॉकपमध्ये जाणारा माणूस कुठल्या गल्लीतला असतो हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

खरी गोष्ट इथंच आहे. वेलणकरचा राग शेट्टीवर, साहेबांवर, बापावर. हात पडतो तो चोरावर. वर पोचता येत नाही म्हणून खाली पडतो. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते काय उगाच? प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे, आणि प्रत्येकाला लाथ घालायला खाली कुणीतरी दिलेला आहे. पोलीस ठाणं हे त्या उतरंडीचं सरकारी रूप. तेंडुलकरांना ती उतरंड दिसली. पण ती त्यांनी मधल्या पायरीवर उभं राहून पाहिली. सगळ्यात खालच्या पायरीवरून लिहिली असती, तर सिनेमाचं नाव अर्धसत्य ठेवावं लागलं नसतं.

आता सिनेमाच्या बाहेर या. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये दोघांना सोडलं. देशभर आगडोंब उसळला तेव्हा कुठं १९८३ मध्ये कायदा बदलला. म्हणजे 'अर्धसत्य' आला त्याच साली. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयानं दोषी धरलं ते २००९ मध्ये, बारा वर्षांनी. आणि डिसेंबर २०२४, परभणी. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, मग वस्त्यांमधून धरपकड, आणि पकडलेल्यांतला कायदा शिकणारा एक तरुण कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागलं.

पोलिसाचं काम काय, हे कागदावर लिहिलेलं आहे. १९५१ चा आपल्या राज्याचा पोलीस कायदा काढा. कलम ६६ वाचा. रस्त्यावरच्या असहाय माणसाला मदत करणं, कोठडीतल्या जखमी नि आजारी माणसाला उपचार मिळवून देणं, त्याच्या अन्नाची नि निवाऱ्याची सोय करणं, बायकापोरांशी सभ्यतेनं वागणं, हे पोलिसाचं कर्तव्य आहे. उपकार नाहीत. म्हणजे त्या रात्री लॉकपमधल्या माणसाचा जीव सांभाळणं हीच वेलणकरची नोकरी होती. सिनेमा विचारतो, वेलणकर मर्द राहिला का? कायदा विचारतो, त्यानं ड्युटी केली का? आपल्याला दुसरा सवाल पाहिजे. मर्दानगीच्या नावावर आपण लई मार खाल्लाय.

याचा अर्थ शिपाई आपला दुश्मन असा सरळ हिशेब मी मांडत नाही. मी स्वतः सूतगिरणीत रिंगखात्यात राबतो. वरचा साहेब ओरडला की मुकादम आमच्यावर ओरडतो, हे रोजचं आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच सालच्या १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीस शिपाईच बंड करून उठले, आणि रस्त्यावर गिरणी कामगार त्यांच्या बाजूनं उतरले. सरकारनं पोलिसांची संघटना मोडून काढली. त्याच मुंबईवर दुसऱ्या वर्षी 'अर्धसत्य' आला, पण एकट्या फौजदाराची तगमग घेऊन. एकटा माणूस आतल्या आत कुजतो आणि कुणाचा तरी गळा धरतो. संघटित माणूस मागणी करतो. हा फरक तेंडुलकरांच्या पटकथेत नाही, तो आपल्या लिहिण्यात आला पाहिजे.

वेलणकरनंतर काय झालं बघा. २०११ मध्ये 'सिंघम' आला. वेलणकरला निदान खून पचला नाही, तो हजर झाला. सिंघमच्या टोळीनं खलनायकाला उडवलं आणि पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. जखम होती ती बक्षीस झाली. उलट २०२१ चा तमिळ 'जय भीम' घ्या. तो तुरुंगाच्या दारात सुरू होतो. सुटणाऱ्यांना जात विचारतात आणि खालच्या जातीचे परत पोलिसांच्या गाडीत. कोठडीत मेलेल्या माणसाची गरोदर बायको तिथं गोष्टीच्या मध्यभागी आहे. मढ्याला घर मिळालं. तिथंही शेवटी तारणहार वकीलच मोठा होतो, ही माझी तक्रार आहेच. पण कॅमेरा खालच्या पायरीवर आला, हे कबूल करू.

आणि आता आपल्या कवींना दोन शब्द. आपल्या कवितेत पोलीस येतो तो फक्त लाठी घेऊन. शिवी दिली की कविता झाली, असं होतंय. शिवी आपला हक्क आहे, पण शिवीनं फिर्याद नोंदली जात नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ तोंडपाठ पाहिजे. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, तिची प्रत लगेच द्यायची, तपास करून साठ दिवसांत दोषारोपपत्र टाकायचं. दलित-आदिवासी नसलेल्या सरकारी नोकरानं हे जाणूनबुजून टाळलं, तर त्यालाच सहा महिने ते एक वर्ष कैद. हे वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, त्या रेडिओवाल्याची गोष्ट लिहा. त्याला नाव द्या, आई द्या, गल्ली द्या. आणि चळवळीतल्या पोरांनो, पुढच्या वेळी ठाण्यात जाल तेव्हा फिर्यादीची प्रत हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका.