उजेड कुठे ठेवायचा?

एडिटिंग म्हणजे खोटेपणा, असं मानणाऱ्यांनी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या फोटोचे वेगवेगळ्या काळातले प्रिंट शेजारी शेजारी पाहावेत. निगेटिव्ह एकच, १९४१ची. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश करडं आहे, ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढच्या प्रिंटांत तेच आकाश जवळजवळ काळं झालं आणि दफनभूमीतले क्रूस लख्ख उठून आले. १९४८मध्ये तर ॲडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो भाग ठळक केला. डार्करूममध्ये कागदावर पडणारा उजेड हाताने अडवला की तेवढा भाग उजळ राहतो, जास्त वेळ पडू दिला की गडद होतो. आज मास्क लावून आपण तेच करतो.

साधनांची ददात राहिलेली नाही. १९९०मध्ये फोटोशॉप आलं, २००७मध्ये लाइटरूम, आणि आता मोबाइलवरही रॉ फाइल उघडते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. म्हणजे सावलीतला चेहरा वर काढायला भरपूर वाव. तरीही बहुतेक फोटो एकाच साच्यातले दिसतात, कारण उजेडाचा निर्णय फोटो काढणारा घेत नाही, विकतचा प्रीसेट घेतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचा ओला, धुकट करडेपणा त्यात पार जातो आणि उरतो तो प्लास्टिकसारखा हिरवा.

जेजुरीचे सोमवतीचे फोटो पाहा. भंडारा उधळला की सगळी फ्रेम पिवळी होते. ऑटो व्हाइट बॅलन्सला ती चूक वाटते आणि तो चित्र निळसर बाजूला ओढतो. मग हरवलेला पिवळा परत आणायला सॅच्युरेशन चढवलं जातं. तांबड्या आणि हिरव्या चॅनेलची वरची मर्यादा ओलांडली जाते, निळा शून्यावर येतो आणि हवेतल्या हळदीचा कण न् कण बुजून एक सपाट डाग तयार होतो. खरं तर इथे उलट करायला हवं: आधी व्हाइट बॅलन्स हाताने ठरवायचा, मग पिवळ्याची उजळी उतरवायची, सॅच्युरेशनही किंचित कमी करायचं. दाणा दिसू लागतो, पायऱ्यांचा दगड दगडासारखा राहतो, आणि पिवळा अधिक पिवळा भासतो.

लग्नाच्या अल्बमांबद्दल मात्र मला राग येतो. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकत. आता सावळी नवरी सर्रास गोरी करून दिली जाते, तिने मागितलेलं नसतानाही. त्वचा गुळगुळीत करताना गालावरची छटा जाते आणि तिच्याबरोबर वयही. हा तंत्राचा दोष नाही, पाहणाऱ्याच्या मनातला आहे, आणि सॉफ्टवेअरने त्याला एका बटणाची सोय करून दिली आहे.

बातमीच्या छायाचित्रणात निदान रेघ आखलेली आहे. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या. निसर्ग, प्रवास, सण यांच्या फोटोंना अशी रेघ नाही आणि सरसकट नियम तिथे चालणारही नाही. पण आपल्या छायाचित्र-प्रदर्शनांत तयार फोटोशेजारी त्याची मूळ फ्रेम लहान आकारात लावायला काय हरकत आहे? कोणता उजेड कॅमेऱ्याने टिपला आणि कोणता नंतर ठरवला गेला, हे प्रेक्षकाला तिथल्या तिथे ताडून पाहता येईल, आणि परीक्षकांनाही गुण कशाला दिले ते सांगावं लागेल.