कमी खर्चाचा सिनेमा आणि दुर्लक्षित आवाज

कमी पैशांत बनणारा मराठी सिनेमा दिसायला देखणा झाला. ऐकायला मात्र तो अजून कच्चाच आहे. लघुपट महोत्सवांत हे वारंवार जाणवतं. चौकट विचारपूर्वक बांधलेली असते, प्रकाशयोजना नेटकी असते आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे घुमत असतात. याचं खापर बजेटवर फोडलं जातं, ते मला पटत नाही.

'ख्वाडा' हे त्याचं उत्तर आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून तो उभा केला. धनगर कुटुंबाची भटकंती, उघडं माळरान, मेंढरांचा कळप, सुटलेला वारा असं ध्वनिमुद्रकाची परीक्षा पाहणारं सगळंच त्यात आहे. तरीही २०१४च्या चित्रपटांसाठीचा स्थळध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यासाठी महावीर सब्बनवाल यांना मिळाला. २०१७च्या चित्रपटांमधून हाच मान मल्लिका दास यांच्याकडे गेला. त्यांचा चित्रपट होता रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स', आसामातल्या खेड्यात मोजक्या माणसांनिशी चित्रित झालेला.

आवाज बिघडतो तो मुख्यतः अंतरामुळे. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो. पंख्याची घरघर आणि सिमेंटच्या भिंतींचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणूनच कॅमेऱ्यावर बसवलेल्या महागड्या माइकपेक्षा बूमच्या टोकाला, चौकटीच्या अगदी कडेशी धरलेला साधा माइक सरस ठरतो. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे अचानक चढलेला आवाज फाटण्याची भीती बरीच कमी झाली. दूर ठेवलेला माइक काही त्याने जवळ येत नाही.

पूर्वी कॅमेराच घरघरायचा, त्यामुळे डबिंगची सवय रुजली. २००१च्या 'लगान'ने एवढ्या मोठ्या पसाऱ्यातही सेटवरचा आवाज टिपून दाखवला. आज कॅमेरे शांत आहेत, पण 'नंतर बघू' ही वृत्ती कायम आहे. फक्त डबिंगची जागा आता गोंगाट पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली आहे. ते बेताने वापरलं तर उपयोगी पडतं. त्याचा अतिरेक झाला की श्वास आणि शब्दांची टोकं पुसली जातात, माणूस कुठे उभा आहे तेही कळेनासं होतं. मराठीला हे फार महागात पडतं. वऱ्हाडी किंवा मालवणी हेल गावातल्या नवख्या नटाच्या तोंडी त्या क्षणी सहज येतो. स्टुडिओतल्या बंद खोलीत तो तसाच पुन्हा उमटेल याची खात्री नाही.

उपाय खर्चिक नाहीत. स्थळ पाहायला जाताना ध्वनिमुद्रकाला सोबत न्यावं आणि ज्या वेळी चित्रीकरण करायचं त्याच वेळी तिथे कान देऊन उभं राहावं. फ्रिज-पंखे बंद करावेत, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. संवाद खराब झाला तर नट भूमिकेत असतानाच, कॅमेऱ्याशिवाय तो पुन्हा घ्यावा. ड्रोनच्या भाड्याचे पैसे वाचवून बूम धरणारा अनुभवी माणूस नेमावा.

समीक्षकांचाही यात वाटा आहे. छायालेखकाचं नाव परीक्षणात हमखास येतं, ध्वनिमुद्रकाचं क्वचितच. ते घेतलं जाऊ लागलं, आवाजाचे गुणदोष तपशिलात लिहिले जाऊ लागले, तर निर्मात्यालाही त्या कामासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवावासा वाटेल.