गुरु घडविणारे गुरु

विद्या देतां येते, हें सर्वमान्य आहे. परंतु विद्या देण्याची हातोटी दुसऱ्याच्या हातीं देतां येते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. गणित किंवा व्याकरण शिकविणारा शिक्षक तयार करावयाचा, तर त्याला काय काय आलें पाहिजे याची यादी तरी करतां येते. पण लहान मुलांना गाणें, नाचणें, टाळीनें लय धरणें आणि स्वतःच्या मनानें चार सुरांची जुळणी करणें ज्यानें शिकवावयाचें, त्या शिक्षकाचा शिक्षक कसा असावा? या प्रश्नाला मिळालेलें एक मोठें उत्तर म्हणजे जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) आणि त्याची सहकारिणी गुनिल्ड केटमान (१९०४–१९९०) यांचें ‘शूलवेर्क’ हें होय. त्याचे पांच खंड १९५० ते १९५४ या काळांत माइन्झच्या शॉट या प्रकाशनगृहानें प्रसिद्ध केले. त्या खंडांचें आणि त्यांच्या आधारें शिक्षक घडविण्याच्या प्रथेचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय निवडण्याला एक खाजगी कारणहि आहे. तें वाचकांपासून लपविण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या लहानपणीं शाळेंत समूहगीताची तयारी चालली असतां गुरुजींनीं आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, “तूं नुसते ओठ हलव.” गुरुजी दुष्ट नव्हते, कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्यांची इच्छा. पण त्या दिवसापासून आम्ही जे गप्प झालों ते आजतागायत. पुढें जन्मभर अध्यापन केलें, मैफली ऐकल्या, परंतु चारचौघांत सूर लावण्याचें धैर्य झालें नाहीं. असे मुके रसिक घरोघर आहेत. त्यामुळें संगीतशिक्षकाला कोण शिकवितो, ही पंचाईत आम्हांस केवळ शास्त्रचर्चेची वाटत नाहीं.

या चळवळीविषयीं एक समज असा आहे कीं, ती लहान मुलांपासून सुरू झाली. वस्तुस्थिति निराळी आहे. १९२४ सालीं म्युनिक येथें डोरोथे ग्युंटर या बाईंनीं ऑर्फच्या सहकार्यानें जी शाळा काढली, तींत शिकावयास येत त्या वयांत आलेल्या तरुणी. आणि त्यांतील पुष्कळजणी पुढें व्यायाम, नृत्य व संगीत यांच्या शिक्षिका व्हावयाच्या. त्यापूर्वीं जिनिव्हा येथें एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) याच्या असें ध्यानांत आलें होतें कीं, स्वरसंवादाचे नियम कागदावर बिनचूक मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना ते स्वर मनांत ऐकूं येत नाहींत, आणि लय त्यांच्या अंगांत भिनलेली नसते. म्हणून त्यानें शरीरालाच पहिलें वाद्य केलें. म्युनिकची शाळा याच्या एक पाऊल पुढें गेली. नाचणारीनेंच वाजवावें, वाजविणारीनेंच नाचावें, आणि साथीचें संगीत बाहेरून उसनें न आणतां तेथल्या तेथें रचावें, असा तिचा परिपाठ होता. त्यासाठीं कार्ल मेंडलर या वाद्यकारानें लांकडी व धातूच्या पट्ट्यांचीं वाद्यें घडवून दिलीं. १९२६ सालीं विद्यार्थिनी म्हणून आलेली केटमान थोड्याच वर्षांत तेथें शिकवूं लागली. चळवळीला नांव ऑर्फचें मिळालें. परंतु खंडांतील रचनांचा मोठा भाग आणि प्रत्यक्ष वर्गांतील बहुतेक भार या बाईंचा आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

या इतिहासाला एक डागहि आहे, आणि टीकाकारानें तो झांकूं नये. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या सोहळ्यांत मुलांनीं जें रिंगण-नृत्य केलें, त्याचें संगीत ऑर्फ व केटमान यांचें होतें. नाझी राजवटीच्या वैभवाचें तें प्रदर्शन. त्यांत हीं बालसुलभ गाणीं शोभेला बसलीं. पुढें १९४४ सालीं त्याच राजवटीनें म्युनिकची शाळा बंद केली, आणि १९४५ च्या जानेवारींत बाँबहल्ल्यांत तिची इमारत वाद्यांसह जळून गेली. एका तालावर पावलें टाकणें बालोद्यानांतहि घडतें आणि हुकूमशहाच्या मैदानांतहि घडतें. ताल दोन्ही ठिकाणीं सारखाच. मुलाला थांबण्याची, चुकण्याची आणि आपला निराळा ताल धरून पाहण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, यावरूनच दोहोंतला भेद ओळखावयाचा. ती मोकळीक देणारा असतो शिक्षक. पद्धति आपण होऊन ती देत नाहीं.

१९४८ सालीं बव्हेरियाच्या नभोवाणीनें ऑर्फजवळ मुलांनींच वाजवावयाच्या संगीताची मागणी केली, तेव्हां हें कार्य खऱ्या अर्थानें मुलांकडे वळलें. पांच खंड त्यांतूनच निर्माण झाले. पहिल्या खंडांत पांच स्वरांपलीकडे जावयाचें नाहीं. पुढील दोन खंडांत मेजर आणि अखेरच्या दोहोंत मायनर स्वरसप्तक येतें. तळाशीं एक-दोन स्वरांचा अखंड घोष, त्यावर पुनःपुन्हा येणारा लहानसा तुकडा, आणि त्यावर चाल, अशी बहुतेक रचना. आपल्याकडील वाचकाला यांत परकें असें फारसें वाटणार नाहीं. ते पांच स्वर आपण भूपाचे म्हणून ओळखतों, आणि अखंड घोष तर तंबोऱ्याच्या घरचाच आहे. पांच स्वरांत अर्धस्वराचें अंतर नसल्यामुळें दोन मुलांनीं एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजविले तरी कानाला टोंचत नाहीं. चुकण्याचें भय स्वरांच्या निवडीनेंच दूर केलें आहे. या एका कल्पनेसाठीं आम्ही ऑर्फचे शंभर दोष पोटांत घालूं.

मात्र खंडांचा मुख्य दोष दाखविल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत तयार रचना पुष्कळ आणि त्यांच्याशीं कसें पोहोंचावें याचें विवेचन अगदीं थोडें आहे. वर्गांतल्या खेळांतून सहज उगवावें असें जें कांहीं, तें छापलें गेलें कीं त्याला ग्रंथाचा अधिकार येतो. मग शिक्षक पान उघडतो, पट्ट्या मांडतो, आणि मुलांकडून तीच रचना घोटून घेतो. ज्यांचा हेतु घोकंपट्टी मोडण्याचा, त्याच पुस्तकांतून नवी घोकंपट्टी जन्म पावते.

हा दोष कर्त्यांच्या ध्यानांत आला नसेल असें नाहीं. १९६१ सालीं साल्झबुर्ग येथें मोत्सार्टेउम या संगीतविद्यालयाच्या आश्रयाखालीं ऑर्फ इन्स्टिट्यूट निघाली ती शिक्षक तयार करण्यासाठींच; आणि १९७० सालीं केटमाननें ‘एलेमेंटारिया’ हें पुस्तक लिहिलें. पांच खंडांत जें नाहीं तें या पुस्तकांत आहे. मुलाचें नांव उच्चारावें, त्या नांवांतली लय टाळीवर घ्यावी, टाळीवरून वाद्यावर न्यावी, मग पावलांत आणावी, आणि शेवटीं मुलांनींच तिला सुरुवात व शेवट द्यावा, असा क्रम तें पायरीपायरीनें उलगडतें. विशेष म्हणजे हालचालीचें शिक्षण त्यांत परिशिष्टासारखें जोडलेलें नसून त्याला स्वतंत्र स्थान आहे. दोहोंपैकीं एकच विकत घेणें शक्य असेल, तर आम्ही शिक्षकाला हेंच घ्यावयास सांगूं.

तथापि पुस्तकानें भागत नाहीं. येथें शिक्षकांच्या शिक्षकाचें काम सुरू होतें, आणि तें विलक्षण अवघड आहे. त्याच्यासमोर बसलेले विद्यार्थी प्रौढ असतात. कांहींजण उत्तम पियानो वाजविणारे, कांहींजण आमच्यासारखे ओठ हलविणारे. त्या सर्वांना त्यानें जमिनीवर बसवून पुन्हा आरंभापाशीं न्यावयाचें. पियानो वाजविणाऱ्याला अंग हलवावयास लाज वाटते, नाचणारीला सुराचें भय असतें. म्हणजे प्रत्येकजण कोठेंतरी मूल होतो. तो अनुभव झाल्यावर त्यानें विद्यार्थ्यांना विचारावयाचें कीं, मी येथें कां थांबलों? त्या गोंधळलेल्या गृहस्थाला मदत केव्हां केली आणि केव्हां केली नाहीं? स्वतःचे डावपेंच असे उघडे करून दाखविणें हें सामान्य कलावंताला रुचत नाहीं. चांगला शिक्षक-शिक्षक तें करतो, आणि आपल्या विद्यार्थ्यानें आपली नक्कल केली तर ती स्तुति न मानतां अपयश मानतो.

१९६२ सालीं टोरांटो येथें केलेल्या भाषणांत ऑर्फनें आपल्या कार्याला रानफुलाची उपमा दिली होती. उपमा सुंदर आहे. पण रानफुलाला माळी लागत नाहीं, आणि या कार्याला तर जगभर माळ्यांच्या संस्था निघाल्या. अमेरिकेंत १९६८ सालीं अशी संस्था स्थापन झाली. तेथें शिक्षकांचें शिक्षण तीन पायऱ्यांत विभागलें आहे. संस्थेवांचून एवढा प्रसार झाला नसता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सुटींतल्या कांहीं दिवसांच्या वर्गांत एक पायरी चढून प्रमाणपत्र मिळविलेला मनुष्य उद्यां दुसऱ्यांना शिकवूं लागतो, आणि तिसऱ्या पिढीच्या हातीं खेळ न येतां खेळाचें टांचण तेवढें येतें, ही भीति खोटी नाहीं. अशा वेळीं परीक्षकानें उमेदवाराचे पाठ मोजूं नयेत. त्याच्या वर्गांत एखाद्या मुलानें न सांगितलेली गोष्ट केली तेव्हां त्यानें काय केलें, एवढेंच पाहावें.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा: ऑर्फ व केटमान यांचें कार्य थोर आहे, त्यांचे खंड अपुरे आहेत, आणि ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी शिक्षकांना शिकविणाऱ्यांवर आहे. आमच्या त्या गुरुजींना गाणें येत होतें. आमचा दोषहि त्यांच्या कानांनीं अचूक हेरला होता. बेसूर मुलाशीं पुढें काय करावें, हें मात्र त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. पांच स्वर आणि थोडा धीर त्यांच्या हातीं कोणीं दिला असता, तर त्या समूहगीतांत एक आवाज अधिक झाला असता.