अश्रूंची चौकट : अमेरिकन प्रणय-कॉमिक्समधील रूढ कथासंकेतांचा पुनर्विचार

प्रास्ताविक :
लोकप्रिय वाङ्मयाविषयी अभ्यासकांच्या मनात असलेला दुजाभाव नवा नाही. त्यातही चित्रकथा, आणि चित्रकथांतही प्रणयकथा म्हटली की तिचा उल्लेख बहुधा उपहासापुरताच होतो. ‘एक वाचली की सगळ्या वाचल्या’ हा या वाङ्मयावरील नेहमीचा आक्षेप आहे. तो खोटा नाही. मात्र अपुरा आहे. १९४७ ते १९७७ या तीन दशकांत अमेरिकेत बहरलेल्या आणि अस्तंगत झालेल्या प्रणय-कॉमिक्सच्या आधारे या आक्षेपाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
‘कॅप्टन अमेरिका’ या वीरनायकाचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’ हे कॉमिक सुरू केले. आपली कथा प्रौढ वाचकांसाठी आहे, असे त्याच्या पहिल्याच मुखपृष्ठावर सुचविलेले होते. १९१९ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘ट्रू स्टोरी’सारख्या मासिकांनी रूढ केलेली आत्मकथनाची पद्धत येथे चित्रांच्या चौकटींत आली. अनुकरण इतक्या वेगाने झाले, की १९५० च्या सुमारास अशा कॉमिक्सची संख्या शंभरावर गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत काम केलेल्या स्त्रियांना याच सुमारास पुन्हा घराकडे वळविले जात होते, ही गोष्ट येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

कथासंकेतांचे स्वरूप :
या कथांमधील संकेत मोजकेच आहेत. नायिका स्वतःच आपली कहाणी सांगते. तिच्यापुढे दोन पुरुष असतात : एक श्रीमंत व आकर्षक, दुसरा साधा व विश्वासू. कधी पेच दोन पुरुषांमधला नसून नोकरी आणि विवाह यांमधला असतो. मत्सरी मैत्रीण किंवा बहीण गैरसमज वाढविते. अश्रूंनी भरलेला चेहरा संपूर्ण चौकट व्यापतो. शेवटी आलिंगन येते आणि नायिकेला आपली ‘चूक’ उमगते.

हे संकेत ओळखणे सोपे आहे. परंतु सहा-सात पृष्ठांच्या अशा कथेत शेवटची चौकट वगळता उरलेली जागा कशाने भरलेली असते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. लहान गावाचा कंटाळा, गरिबीमुळे होणारा अपमान, वडिलांचा धाक, शहरातील एकटेपणा, कार्यालयातील यांत्रिक काम हे सारे नायिका तिथे बोलून दाखविते. सात पृष्ठांत मांडलेली तक्रार एका आलिंगनाने मिटविली जाते. ती खरोखर मिटते का, याविषयी प्रस्तुत लेखिकेला शंका आहे.

कबुली कोणाची? :
मराठीत ‘कबुली’ प्रेमाचीही असते आणि गुन्ह्याचीही. या कथांतील ‘मी’ पहिलीपासून सुरुवात करून दुसरीपाशी पोहोचतो. काही स्त्री-संपादक आणि स्त्री-चित्रकार या क्षेत्रात होत्या. तरी बहुतांश कथा पुरुषांनी लिहिल्या व रेखाटल्या. त्यामुळे स्वर स्त्रीचा, पण निवाडा दुसऱ्याचा, अशी विसंगती निर्माण होते. या वाङ्मयाचा खरा दोष पुनरावृत्तीत नसून या विसंगतीत आहे, असे म्हणता येईल.

१९५४ मध्ये कॉमिक्सविरोधी वातावरणात प्रकाशकांच्या संघटनेने स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली. प्रणयकथांनी घराचे मूल्य आणि विवाहाचे पावित्र्य यांवर भर द्यावा, घटस्फोट इष्ट म्हणून रंगवू नये, असे तिचे दंडक होते. जो शेवट तोवर बाजाराचा संकेत होता, तो आता नियम झाला. साचेबंदपणाचे सर्व खापर लेखकांच्या प्रतिभाशून्यतेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

चित्रकाराची कात्री :
रॉय लिक्टेनस्टाइन यांचे ‘ड्राउनिंग गर्ल’ (१९६३) हे चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याचा आधार म्हणजे ‘सीक्रेट हार्ट्स’च्या १९६२ मधील एका अंकात टोनी अब्रुझो यांनी रेखाटलेले चित्र. मूळ चित्रात उलटलेल्या नावेला धरून राहिलेला प्रियकर मागे दिसतो. नायिकेच्या अंगात पेटका आलेला आहे आणि तरीही ती त्याला हाक मारायला तयार नाही. लिक्टेनस्टाइन यांनी नाव काढली, प्रियकर काढला, पेटक्याचा उल्लेख गाळला आणि प्रियकराचे नावही बदलले. चित्र म्हणून ते निःसंशय प्रभावी झाले. पण अश्रूंचे कारण नाहीसे झाले आणि उरली ती केवळ रडणारी स्त्री. आपण समीक्षकही अनेकदा हीच कात्री चालवितो. कारण कापून टाकतो आणि मग अश्रूंना हसतो.

याच १९६३ मध्ये बेट्टी फ्रीडन यांचे ‘द फेमिनिन मिस्टिक’ प्रसिद्ध झाले आणि गृहिणींच्या अव्यक्त असमाधानावर जाहीर चर्चा सुरू झाली. ते असमाधान प्रणय-कॉमिक्सच्या मधल्या पानांत अगोदरच्या दीड दशकात विखुरलेले होते. पुढे जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात प्रणय-कादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष संवाद साधला. घरकामाच्या रगाड्यातून स्वतःसाठी काढलेला वेळ, हा त्या स्त्रियांच्या दृष्टीने वाचनाचा एक महत्त्वाचा अर्थ होता. कॉमिक्सच्या वाचकांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वाचकाला न विचारता त्याच्या आवडीचा निकाल देऊ नये, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

निष्कर्ष :
‘यंग रोमान्स’ १९७५ मध्ये आणि त्याचे भावंड ‘यंग लव्ह’ १९७७ मध्ये बंद पडले. बदललेल्या स्त्रीजीवनाला जुना शेवट पुरेनासा झाला, हे त्यामागील एक कारण मानता येईल. एकच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागते, याचा अर्थ प्रश्न सुटलेला नसतो. पुनरावृत्ती हा या कथांचा दोष आहेच. पण तो त्यांचा पुरावाही आहे. आज मोबाइलवर कोरियन वेबटून वाचणाऱ्या विद्यार्थिनीला आपण ‘त्यात काय आहे?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले असते. तिला कथेचा शेवट विचारण्याऐवजी तिचे मन कोणत्या पानावर थांबले, हे विचारणे समीक्षेच्या आणि अध्यापनाच्याही दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.